डब्याची गुणगुण

१

सत्तरी उलटल्यावर मी इलेक्ट्रिक गिटार शिकायला लागलो. लोक हसले. हसोत. मी चाळीस वर्षे कारखान्यात लेथ चालवला, लोखंड कातायचे यंत्र. लोकांकडे बघत लेथ चालवला तर हात जातो. माझा जायचा तेवढा गेलाच आहे. डाव्या हाताचे मधले बोट आणि करंगळीशेजारचे, दोन्ही वरच्या पेरापासून नाहीत. चूक माझी होती, कुणाला बोल लावला नाही. हे सांगतो कारण गिटारीच्या तारा दाबायला डावाच हात लागतो.

गिटार माझ्या मुलीची. घरात तिला बारकी म्हणत. सव्वीस वर्षांची झाली तरी बारकीच. चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. तिथल्या पगारातून तिने गिटार आणली आणि तिचा डबा आणला. डब्याला अँप्लिफायर म्हणतात. मी डबाच म्हणतो. इलेक्ट्रिक गिटार आतून भरीव असते, नुसता ओंडका. डब्याला जोडली नाही तर तिला आवाज नसतो. काड्यापेटीत किडा फिरावा इतकाच.

मी पहिल्याच दिवशी सांगितले. या घरात मी आहे तोवर तो डबा चालू होणार नाही. चाळीस वर्षे कारखान्याचा आवाज ऐकला, आता मला शांतता पाहिजे. तिने वाद घातला नाही. चार वर्षे ती डबा न लावता वाजवत राहिली, संध्याकाळी पाच ते सात, दार लावून. मी बाहेर पेपर वाचत बसे.

आवाजांचा नाद तिला पहिल्यापासून. लहानपणी आईबरोबर माझे जेवण घेऊन कारखान्याच्या दारापर्यंत यायची. माझ्या लेथच्या पट्ट्याला दोन जोड होते, जवळजवळ. पट्टा फिरला की टक्-टक् व्हायचे, मग जरा थांबून पुन्हा टक्-टक्. घरी येऊन ती ताटावर चमच्याने तेच वाजवायची. मी ओरडायचो.

गिटारीच्या तारा पोलादी. सुरुवातीला तिची बोटे सुजायची. तेव्हा तिची आई सात वाजता गार पाण्याचा पांढरा वाडगा दाराबाहेर ठेवी. बारकी दार उघडून तो आत घेई आणि बोटे बुडवून बसे. पुढे बोटे निबर झाली, वाडग्याची सवय मात्र राहिली.

एकदा जेवताना म्हणाली, "बाबा, एकच वाजवते. डबा लावून. चार मिनिटं फक्त. तुम्ही ऐका."

मी म्हणालो, "रविवारी बघू."

त्या शुक्रवारी तिला ताप भरला. दोन रविवार दवाखान्यात गेले. तिसरा तिला मिळाला नाही.

पाच महिन्यांनी तिच्या खोलीत केर काढायला मी गेलो. तिची आई त्या खोलीत पाय टाकत नव्हती. टेबलावर वही होती. सहा आडव्या रेघा आणि रेघांवर आकडे. मी चौथीपर्यंत शिकलो, पण ड्रॉइंग वाचून काम केले आहे. रेघ म्हणजे तार, आकडा म्हणजे कुठे दाबायचे, हे मला उभ्या उभ्या कळले. शेवटच्या पानावर एक पूर्ण काम होते. वर नावाच्या जागी एकच शब्द लिहिला होता. रविवार.

मला ते ऐकायचे होते. बाकी काही नाही.

२

मास्तर बाजारामागच्या गल्लीत, जिना चढून वर. माझ्या निम्म्या वयाचा, जाडा, स्पीकर दुरुस्त करतो आणि गिटार शिकवतो. मंगळवार आणि गुरुवार दुपारी तीनची वेळ त्याने मला दिली. त्या वेळेला दुसरे कुणी येत नसे.

वहीचे पान बघून तो म्हणाला, "काका, एवढ्यासाठी कशाला शिकताय? द्या इकडे, आत्ता वाजवून दाखवतो."

मी पान घडी करून खिशात घातले. "दुसऱ्याच्या हातून नको."

त्याने माझा डावा हात उलटासुलटा करून पाहिला. "हा हात घेऊन?"

"दुसरा आणू कुठून?"

तो हसला. तेव्हापासून आमचे जमले.

मी केलेल्या चुका कुणी नवशिका करत नसेल. पहिल्या दिवशी तार चढवताना खुंटी पिळत गेलो, बोल्ट आवळतात तशी. तार तुटून गालावर बसली. मास्तर म्हणाला, काका, तो नट नाही. दुसऱ्या आठवड्यात तारांना गंज चढू नये म्हणून मी घरून त्यांना मशीनचे तेल लावून नेले. त्याने वास घेतला. "तेल पाजलंत तिला? आता ती वाजेल की चालेल?" प्लास्टिकची तिकोनी चकती धरून तारा छेडायच्या असतात. ती मी स्क्रू ड्रायव्हरसारखी धरायचो. सैल धरा, तो रोज म्हणायचा, ती कुठे पळून जात नाही.

वहीत पहिल्या ओळीत आकडे नव्हते, नुसत्या फुल्या होत्या. त्याने सांगितले, फुली म्हणजे सूर नाही. तार हलकी धरायची आणि मारायची, नुसता ठोका येतो. मला ते विचित्र वाटले. सूर नको तर गिटार कशाला?

डबा लावला की बारीक गुणगुण यायची. माझ्या कानाला मशीनचा दोष लगेच लागतो. मी म्हणालो, "याचं अर्थिंग गेलंय."

"काही गेलेलं नाही. तारांना हात लावा."

लावला. गुणगुण थांबली.

"काढा."

काढला. पुन्हा आली.

"या जातीच्या गिटारीला ती असतेच," मास्तर म्हणाला. "माणूस टेकला की गप्प होते. माणूस उठला की सुरू."

घरी येऊन मी तपासून पाहिले. तारांवर लाकडी चमचा ठेवला, फडके टाकले, स्क्रू ड्रायव्हर आडवा ठेवला. गुणगुण चालूच. स्क्रू ड्रायव्हरच्या लोखंडी दांड्याला बोट टेकवले, थांबली. माणूसच लागतो. हे मी पक्के करून घेतले. माझी तशी सवय आहे.

आणखी एक गोष्ट. दर वेळी मास्तर विचारायचा, बोटे दुखतात का. दुखायला पाहिजेत म्हणे. पहिले दोन महिने सगळ्यांची दुखतात, तारेच्या रेघा पडतात, कातडे सोलते, मोठी माणसे रडकुंडीला येतात.

माझी दुखत नव्हती. रेघही पडत नव्हती.

"निबर आहेत तुमची," तो म्हणाला. मला ते ऐकून बरे वाटले.

३

दोन बोटे अर्धी असल्यामुळे मास्तरने मला सोपी रीत काढून दिली. पहिले बोट एका तारेवर, करंगळी दुसऱ्या तारेवर, आणि तेवढ्या दोनच तारा छेडायच्या. वहीतल्या कामात बऱ्याच जागी तीन आणि चार आकडे एकाखाली एक होते. तिथले मधले आकडे सोडून द्या, तो म्हणाला, सांगाडा तरी ऐकू येईल. मला सांगाडा नको होता. पण सुरुवात कुठून तरी करायची असते.

घरी पाच ते सात बसायचो. तिची वेळ तीच होती, मलाही दुसरी सुचली नाही. तिच्या पलंगाच्या कडेवर, डबा पायाशी, आवाज बारीक.

सहाव्या आठवड्यात दोन तारा दाबल्या, छेडले, आणि तीन वाजल्या.

चकती चुकून तिसऱ्या तारेला लागली असेल, असे मी धरले. पण मोकळी तार वेगळी वाजते, दाबलेली वेगळी. हत्यार लोखंडात घुसले आहे की नुसते घासते आहे, हे मला पाठ करून उभा राहिलो तरी कळते. ही तार दाबलेली होती. मी हात तसाच ठेवून वाकून पाहिले. तुटलेल्या बोटाचे टोक आणि ती तार यांच्यात काडीभर अंतर होते. मी खरोखरच काडी घालून पाहिली. काडी आरपार गेली.

पुन्हा छेडले. दोनच वाजल्या. मी स्वतःवर चिडलो आणि सात वाजता उठलो.

त्या गुरुवारी मास्तर माझ्याकडे पाठ करून एका स्पीकरच्या वायरीला कथिलाचा डाग देत बसला होता. मी ठरलेले वाजवत होतो. तो न वळता म्हणाला, "वा. तिसरं बोट लावायला लागलात."

मी छेडणे थांबवले.

तो वळला. माझ्या हाताकडे बघितले. "परत वाजवा."

वाजवले.

"परत."

त्याच्या हातातल्या डाग द्यायच्या सळईतून धूर निघत होता, ती खाली ठेवायचे त्याला सुचले नाही. मग तो म्हणाला, आज वेळ झाली. वीस मिनिटे उरली होती. मी गिटार पिशवीत घातली. जिन्याच्या तोंडाशी त्याने विचारले, "काका, ही गिटार कुणाची?"

"मुलीची."

"ती वाजवत नाही आता?"

मी जिना उतरलो.

४

सहा वाजता मी चहासाठी उठतो. गिटार पलंगावर ठेवतो. डबा बंद करत नाही, सारखे बंद-चालू केल्याने यंत्र खराब होते. स्वयंपाकघर आणि ती खोली यांच्यात एकच भिंत आहे. डब्याची गुणगुण तिथे बसून ऐकू येते.

त्या दिवशी बारकीची आई माझ्या समोर बसून वाटाणे सोलत होती. चहाचा पहिला घोट घेतला आणि गुणगुण थांबली.

आधी वाटले वीज गेली. वर बघितले तर दिवा जळत होता. मी मनात आकडे मोजायला लागलो, जुनी सवय. चाळीसला गुणगुण परत आली.

बायकोचे हात वाटाण्यांवर थांबले होते. दोन्ही हात माझ्या डोळ्यांसमोर होते. घरात तिसरे माणूस नाही.

"ऐकलंस?" मी विचारले.

"चहा गार होतोय," ती म्हणाली, आणि पुढची शेंग उचलली.

मी आत गेलो. गिटार ठेवली तशीच होती. मी प्लग काढला, सॉकेट उघडले, स्क्रू आवळले, वायर टोकापासून टोकापर्यंत चाचपली. कुठे सैल नव्हते. म्हणालो, वीज कमी-जास्त होते, त्याने होत असेल. दुसऱ्या दिवशी चहाला उठलो तेव्हा गुणगुण नव्वदपर्यंत थांबली. तिसऱ्या दिवशी मी मोजायचे सोडले. चहा संपला, कप धुऊन झाला, तरी पलीकडे शांत होते. मी दार ढकलले आणि त्याच क्षणी गुणगुण सुरू झाली. कुणी आत आले की पटकन हात उचलावा तशी.

तिच्या लहानपणी मी घरात शिरलो की ताटावरचा चमचा असाच थांबायचा.

सात वाजता बायकोने दाराबाहेर पाण्याचा वाडगा ठेवला. ती अजून रोज ठेवत होती. मी कधी त्यावर बोललो नाही. ज्याचे दुःख त्याने कसे वागवावे हे दुसऱ्याने सांगू नये, असे मला वाटायचे. ती सकाळी वाडगा उचलायची, पाणी ओतून टाकायची, घासून पालथा घालायची.

५

कारखान्यात एक रीत आहे. लोखंडाचे दोन तुकडे एकमेकांवर नीट बसतात की नाही हे डोळ्याला कळत नाही. मग एकाला निळा रंग लावतात, मलमासारखा असतो, बारीक ट्यूबमध्ये मिळतो. दुसरा तुकडा त्यावर टेकवून उचलायचा. जिथे टेकला तिथला रंग निघतो. रंग खोटे बोलत नाही. मी पोरांना हेच शिकवायचो, नजरेवर जाऊ नका, निळे लावून बघा.

माझ्या पेटीत एक ट्यूब उरली होती. बुधवारी पाच वाजता मी सहाही तारांना वरून खालपर्यंत निळे लावले, फडक्याने पातळ पुसून घेतले, हात धुतले आणि बसलो. एकच जागा धरली. पहिले बोट, करंगळी. पाच वेळा छेडले. पाचही वेळा तीन तारा वाजल्या.

हात उचलून उजेडात धरला. पहिल्या बोटावर निळी रेघ. करंगळीवर निळी रेघ. अर्धी दोन बोटे स्वच्छ.

मग तारा पाहिल्या. माझ्या दोन बोटांच्या जागी रंग निघून पोलाद चमकत होते. आणि मधल्या तारेवरही एका ठिकाणी रंग निघाला होता. माझ्या बोटाच्या खुणेपेक्षा अर्ध्या रुंदीचा.

मी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. वहीचे पान काढून ताडले. त्या तारेवर, नेमक्या त्याच जागी, बारकीने आकडा लिहिलेला होता. मी सोडून देत होतो तो आकडा.

मी तिथे किती वेळ बसलो ते माहीत नाही. भीती वाटली का, असे कुणी विचारले तर हो. पण मी उठलो नाही. मी चकती घेतली आणि पुढची ओळ वाजवायला लागलो, जिथे माझ्याने कधीच जमले नसते, चार आकड्यांची ओळ. ती वाजली. सगळी.

मी सात वाजून गेल्यावरही वाजवत होतो. बाहेर वाडगा ठेवल्याचा आवाज आला, तो ऐकला आणि वाजवतच राहिलो.

६

सकाळी बायको वाडगा दोन्ही हातांत धरून माझ्यासमोर उभी राहिली.

"हे बघा."

पाणी फिकट निळे झाले होते. निळ्यात एक लाल धागा होता, बारीक, तळाशी बसलेला. आणि वाडग्याच्या पांढऱ्या काठावर एका बोटाचा ठसा. माझ्या करंगळीहूनही लहान. ठशाच्या मधोमध आडवी रेघ, तारेची असते तशी.

मी तिच्या बोटांकडे पाहिले. ती समजली. तिने वाडगा खाली ठेवून दोन्ही हात माझ्यापुढे पसरले. स्वच्छ होते.

"तुम्ही रोज मास्तरांना सांगता ना, माझी बोटं दुखत नाहीत म्हणून?"

"हो."

"मग कुणाची दुखतायत?"

मी माझी बोटे मुठीत घेतली.

ती खाली बसली. इतक्या महिन्यांत ती बारकीबद्दल एक अक्षर बोलली नव्हती. आता बोलायला लागली तर आवाज चढला नाही, भाजीचा भाव सांगावा तसे सांगत होती. पहिल्या दिवसापासून पाण्याला काहीतरी होत होते, असे ती म्हणाली. तुम्ही गिटार हातात घेतली त्या दिवसापासून. आधी नुसते पाणी कमी व्हायचे. मग बुडाशी काळसर काही दिसायचे. तिला वाटले आपल्याला वेड लागले, म्हणून ती गप्प राहिली.

"पहिल्या महिन्यात फुटायची तशी बोटं फुटलीत तिची," ती म्हणाली. "तेव्हा निबर व्हायला वेळ मिळाला होता. आता निबर होत नाहीत. रोज नव्यानं फुटतात."

"मी तिला बोलावलेलं नाही."

"नाही. तुम्ही कुणाला कधी बोलावलंत?" तिने वाडग्याच्या काठावरचा ठसा पुसला नाही, त्याच्या बाजूने बोट फिरवले. "तिला तुम्हाला ऐकवायचं होतं. तेवढं राहिलं म्हणून थांबलीय. एकदा शेवटपर्यंत ऐका आणि जाऊ द्या तिला."

"आणि गेली तर?"

"गेलीच आहे हो ती."

मी पेपर उघडला. तीन दिवसांनी रविवार होता. ती म्हणाली, रविवारी ऐका, मी दाराबाहेर बसते. मी हो म्हणालो.

७

रविवारी दुपारी तीन वाजता बसलो. भरपूर ऊन होते. मी खिडक्या उघडल्या, तारा स्वच्छ पुसल्या. बारकीची आई दाराबाहेर पाट टाकून बसली होती, भिंतीला टेकून. वाडगा तिने आजच आधी भरून ठेवला होता.

मी डब्याचा आवाज पूर्ण चढवला. त्या घरात पहिल्यांदाच. गुणगुण खोलीभर झाली, टेबलावरची पेन्सिल हलायला लागली. मी तारांवर हात ठेवला. शांत.

पहिली ओळ. फुल्यांची. तोवर मी ती एकेक ठोका मोजत, थांबत थांबत वाजवली होती, आणि आवाज नेहमी बारीक. आता न थांबता वाजवली.

टक्-टक्.

टक्-टक्.

माझा लेथ होता तो. माझ्या लेथचा पट्टा, दोन जोड जवळजवळ. मी चाळीस वर्षे ज्याच्यासमोर उभा राहिलो तो आवाज, वीस वर्षांपूर्वीचे पत्रे, तेलाचा वास, दारात जेवण घेऊन उभी असलेली बायको आणि तिच्या हाताला धरलेली फ्रॉकमधली ती. मला घरात जो आवाज नको होता तो तिने चार वर्षे दार लावून, मुका ठेवून, एकेक फुलीने लिहून काढला होता. मला ऐकवायला.

पुढे सूर आले. त्याबद्दल मला बोलता येत नाही, तेवढे माझे शिक्षण नाही. पट्टा खाली चालूच होता आणि वर सूर फिरत होते. हात माझा नव्हता आणि होताही. माझ्या बोटांच्या आधी तारा खाली जात. मी गिटारीच्या मानेकडे बघत होतो. तार आपोआप वाकायची, लाकडाला टेकायची, आणि मग माझा उजवा हात ती वाजवायचा. तिला एकच हात उरला होता. दुसरा मी.

शेवटची ओळ आली. पट्टा हळू होऊ लागला. हेही मला कळले. पाळी संपली की बटन दाबायचे, मशीन एकदम थांबत नाही, पट्टा दमत दमत येतो. टक्. टक्. मग शेवटचा जड फेरा आणि थांबते. वहीत शेवटी चार आकडे एकाखाली एक होते. चार तारा एकदम. दोन माझ्या बोटांच्या, दोन तिच्या.

मी माझी दोन बोटे ठेवली. मधल्या दोन तारा खाली गेल्या आणि दाबून राहिल्या. आता फक्त छेडायचे होते.

मी वाकून पाहिले. त्या दोन तारा थरथरत होत्या. वाजल्यामुळे नाही, त्या अजून वाजल्या नव्हत्या. दमलेले बोट थरथरते तशा. एका तारेखाली लाकडावर एक थेंब जमला होता आणि मोठा होत होता. आणि त्याच्यावर, तारेला लागून, क्षणभर मला नखाची कड दिसली. काच घासून झिजलेली, उजवीकडे तुटलेली. ते नख मी ओळखतो. दवाखान्यात मी तेच बोट धरून बसलो होतो.

मी आयुष्यात एकही काम अर्धे टाकले नाही.

चकती खाली ठेवली.

बाहेरून बायकोचा आवाज आला. "झालं?"

तारा दाबलेल्याच होत्या. वाट बघत होत्या. मी माझी दोन बोटे उचलली, गिटार अलगद पलंगावर ठेवली, दोन्ही हात मांडीवर घेतले. डबा पूर्ण चढवलेला होता. गुणगुण आली नाही.

"रविवारी बघू," मी म्हणालो.

८

बायको सोमवारी तिच्या बहिणीकडे गेली. एक पिशवी घेतली. जाताना माझ्याशी बोलली नाही, त्या दाराशी मात्र उभी राहिली, हात दारावर ठेवून. वाडगा घासून पालथा घातलेला होता. तो मी सुलटा केला.

मास्तरकडे एकदा गेलो. त्याने जिन्यातच सांगितले, "काका, आता येऊ नका. तुम्हाला येतंय." माझ्या डोळ्यांकडे त्याने बघितले नाही.

आज सतरावा रविवार. दर रविवारी मी बसतो, पहिल्या फुलीपासून वाजवतो, शेवटच्या चार आकड्यांपर्यंत येतो आणि चकती खाली ठेवतो. तारा दर वेळी जास्त वेळ दाबून राहतात. निळे मी पुन्हा लावले नाही, तरी पाण्याला रंग येतो. मी ते मोरीत ओततो आणि तेव्हा दुसरीकडे बघतो.

वीज गेली की मला बसवत नाही. शांत असते, पण ती शांतता कशाची हे कळत नाही. वीज येईपर्यंत मी डब्यासमोर उभा राहतो.

हे मी स्वयंपाकघरात बसून लिहितो आहे. मधले दार उघडे आहे. डब्याचा लाल दिवा इथून दिसतो. दिवा चालू आहे. आवाज नाही.

सात वाजले. पाणी ठेवायला हवे.